समोरच्या कुंडीतले ससाणे

तेविसाव्या मजल्यावर शेजारच्या फोडणीचा वास येत नाही. ठाण्यात घोडबंदर रोडला राहायला गेल्यावर मला पहिल्यांदा काही खटकलं असेल तर हे. डोंबिवलीजवळ कोपरला आमच्या जुन्या बिल्डिंगचा जिना दुपारी चढलं की कोणाकडे काय शिजतंय ते दार न वाजवता कळायचं. तळमजल्यावर सुकट भाजलेली असायची, वर मेथी, आणि आमच्या शेजारच्या काकूंकडे हमखास करपलेलं दूध. कुकरच्या शिट्ट्या तर सगळ्या मजल्याच्या सामाईक होत्या. आई मालिका बघता बघता शिट्ट्या मोजायला विसरली की काकू भिंतीवर थाप मारून ओरडायच्या, "शैला, चार झाल्या गं, भाताचा लगदा होईल!" आई हो हो करत धावायची. या बाईला आमच्या भाताची काय पडली आहे, असं मला तेव्हा वाटायचं. मामाच्या फ्लॅटमध्ये आल्यावर पहिल्याच आठवड्यात आमचा भात करपला, आणि भिंत गप्प राहिली.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. तो कामासाठी मस्कतला गेला होता आणि घर बंद ठेवण्यापेक्षा तुम्ही राहा म्हणाला होता. बाबांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. कोपरच्या त्या दोन खोल्यांत आईला राहवत नव्हतं. ती तसं बोलली नाही कधी, पण बाबांची खुर्ची सरकवून केर काढायची वेळ आली की ती तेवढा केर तसाच सोडायची, हे मी बघत होते. शिवाय तिची नोकरी ठाण्याला, स्टेशनजवळच्या एका चष्म्यांच्या दुकानात. तेव्हा कोपरच्या घराला कुलूप लावून आम्ही दोघी चार बॅगा, देव आणि मिक्सर घेऊन इकडे आलो. बाबांची मोठी बहीण, माझी आत्या, डोंबिवलीतच राहायची. तिला हे मुळीच पसंत नव्हतं. "वर्ष तरी होऊ द्यायचं होतंस, शैला. वर्षाच्या आत घर अंधारात ठेवू नये. बाळू तिथे येईल आणि कुलूप बघून परत जाईल." मी मनात म्हटलं, बाबांना कोपर ते ठाणे पाठ होतं, ते येतील बरोबर. लिफ्टमध्ये कितवं बटण दाबायचं एवढंच त्यांना कोणीतरी सांगायला हवं.

बाबा कळव्याला एका कारखान्यात फिटर होते, आणि घरी कावळ्यांचे माणूस होते. सकाळच्या चहाबरोबर त्यांना खारी लागायची. तिचा शेवटचा तुकडा ते चहात बुडवायचे, मऊ होऊ द्यायचे आणि मग खिडकीच्या कठड्यावर ठेवायचे. सुकी खारी कावळ्याच्या घशाला लागते असं त्यांचं ठाम मत होतं. येणारा कावळा एका पायाने लंगडा होता. बाबा त्याला साहेब म्हणायचे. "साहेबांना आज लेट मार्क," असं म्हणत कपाळावर आठ्या घालून खिडकीशी उभे राहायचे. आई करवादायची, "आधी स्वतःचा डबा उचला, उशीर होतोय." अशा माणसाच्या दहाव्याला कावळ्याची वाट बघायला लागणारच नव्हती. खाडीकाठी पिंड ठेवून आम्ही मागे सरतोय न सरतोय तोच कावळा उतरला. पिंडाला कावळा शिवला नाही तर गेलेल्याच्या मनात काही राहिलंय असं आपल्याकडे समजतात. मग घरचे एकेक करून हात जोडतात, मुलांचं शिक्षण करू, घर सांभाळू, बहिणीला अंतर देणार नाही, असं एकेक कबूल करत जातात, कावळा शिवेपर्यंत. आमच्यावर ती वेळच आली नाही. आत्याने डोळ्यांना पदर लावला. "तृप्त गेला गं माझा भाऊ," ती म्हणाली. आई पुढचे सगळे महिने त्या एका वाक्यावर जगली. भाजी निवडताना मध्येच थांबून ती म्हणायची, "लगेच आला ना गं कावळा?" आणि मी म्हणायची, "लगेच." एवढंच. मग ती पुन्हा भाजी निवडायला लागायची.

मी त्या वर्षी बारावीला होते. परीक्षेआधी कॉलेज बंद झालं आणि दिवसभर घरी मी एकटी. आई सकाळीच निघायची, कारण रस्त्यावर गाड्या तुंबल्या की बस जागची हलायची नाही, आणि त्या रोज तुंबायच्या. माझं जेवण ओट्यावर झाकून ठेवलेलं असायचं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक कमी झालं की तिचा फोन यायचा. "जेवलीस का?" "हो." "सगळं?" "हो गं." खरं तर मी पोळीचा एखादा तुकडा उभ्या उभ्या खाल्लेला असायचा. उरलेलं संध्याकाळी मीच गरम करून वाढायचे आणि तिला ते कळायचंही, पण दमून आलेली बाई किती बोलणार. घरात आवाज म्हणाल तर सरकत्या खिडकीच्या फटीतून वारा शिट्टी घालायचा, आणि लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली की टिंग वाजायचं. ती नेहमी दुसऱ्याच कोणाच्या तरी दारापाशी आलेली असायची. मी मोठ्याने वाचायला लागले. अभ्यास म्हणून नव्हे, घरात कोणीतरी बोलत असावं म्हणून. एकटेपणा हा शब्द वापरायची मला तेव्हा लाज वाटायची, तो मालिकेतल्या बायकांचा शब्द होता. आता या वयात लाज कसली? मी फार एकटी होते.

स्वयंपाकघराला लागून एक ड्राय बाल्कनी होती, कपडे वाळत घालायची. तिथून समोरची विंग इतकी जवळ की समोरच्यांचे टॉवेल ओळखता यावेत. बिल्डरने प्रत्येक घराच्या खिडकीबाहेर सिमेंटची एक लांबट कुंडी केली होती. जाहिरातीतल्या चित्रात त्या कुंड्यांमधून गुलाबी बोगनवेल लोंबत होती म्हणे. प्रत्यक्षात पाणी घालायला कोणाला वेळ नव्हता, म्हणून सगळ्या कुंड्यांत नुसती सुकी माती आणि खडी. आमच्या समोरचा, एक मजला खालचा फ्लॅट कायम बंद असायचा, त्याचे मालक परदेशात होते. त्या बंद खिडकीच्या कुंडीत एका सकाळी मला एक पक्षी बसलेला दिसला. आधी घार वाटली. पण घार अशी छाती काढून बसत नाही. पाठ पाटीसारखी करडी, डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखं, पोट विटकरी, आणि डोळ्यांभोवती पिवळी कड. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि मी चक्क ओढणी सारखी केली.

मोबाइलमध्ये शोधून शोधून कळलं की तो शाहीन ससाणा. ती होती, खरं तर. मादी मोठी असते, नर तिच्यापेक्षा लहान. उंच कड्यांच्या कपारीत ते अंडी घालतात, घरटं म्हणून काडीसुद्धा आणत नाहीत, मातीत नुसता खळगा करतात. आमचा टॉवर त्यांना कडाच वाटला असणार. बिल्डरने लाखो रुपयांची जाहिरात करून जी फुलझाडं दाखवली ती कधी उगवली नाहीत, आणि जी जाहिरात केलीच नव्हती ती जागा मात्र एका जोडप्याला पसंत पडली. थोड्या दिवसांत ती कुंडीतून उठेचना. ती जरा सरकून बसली तेव्हा तिच्या पोटाखाली तांबूस अंडी दिसली. नर समोरच्या गच्चीवर वीज पडू नये म्हणून लावलेल्या दांड्यावर बसायचा, आणि तिथून सुटला की डोळ्यांना दिसायचा नाही, नुसता आवाज यायचा, कापड टर्रकन फाडावं तसा. मग तो पंज्यात काहीतरी घेऊन यायचा. कधी कबूतर, कधी येऊरच्या जंगलाकडचा पोपट. ती कुंडीतून ओरडत उडायची आणि त्याच्या पंज्यातून हवेतल्या हवेतच ते घ्यायची. उशीर झाला तर जास्त ओरडायची. मला ते बघून आमच्या कोपरच्या सकाळी आठवायच्या.

ती दुपारी खायला बसायची तेव्हा मीही माझं ताट घेऊन ड्राय बाल्कनीत बसायला लागले, उलट्या बादलीवर. ती पिसं उपटायची, मी पोळी मोडायची. ती मधेच थांबून माझ्याकडे बघायची, मीही थांबायची. पिसं उडत उडत आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर यायची. आईचा फोन आला की "जेवलीस का?" "हो." "सगळं?" "सगळं." आणि ते खरं असायचं. संध्याकाळी आई रिकामी भांडी बघून म्हणाली, "आज मूड बरा दिसतोय." मी तिला बाल्कनीत ओढत नेलं. तिने पर्स खांद्यावरून न काढताच पाहिलं. "कबुतरं खातो? शी. डोळ्यांसमोर हे असलं नको गं, तेजू." आणि पाय बुडवायला गरम पाणी ठेवायला आत गेली.

सोसायटीत तोवर कुजबुज सुरू झाली होती. खाली मुलांच्या झोपाळ्यापाशी कबुतराचं मुंडकं सापडलं, कोणाच्या तरी नव्या गाडीच्या बॉनेटवर पंख पडला. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फोटो फिरले. काहींना आनंद होता, कारण एसीच्या डबड्यांवरची कबुतरं कमी झाली होती. बाकीच्यांना किळस आली होती. सेक्रेटरी म्हणून एक गोलसर, घाईतले गृहस्थ होते. त्यांनी लिफ्टमध्येच मला सांगितलं, "तुमचं घर बरोब्बर समोर आहे. आईला सांग, त्रास होत असेल तर बोला. एक तक्रार आली की मी माणूस लावून कुंडी साफ करून घेतो. किल्ली ऑफिसातच आहे." मी म्हटलं, "काका, तिथे पिल्लं आहेत. आणि ते कायद्यानेही चालत नाही." "कायदा मला नको शिकवू, बेटा," ते म्हणाले आणि पार्किंगच्या पोडियमला उतरून गेले. पिल्लं तेव्हा खरंच बाहेर आली होती. तीन, पांढऱ्या कापसाची, मान सावरता न येणारी. त्या दिवसापासून मी आईसमोर ससाण्यांचं नाव काढायचं बंद केलं.

माझा शेवटचा पेपर झाला आणि त्याच आठवड्यात बाबांची तिथी आली. वर्षश्राद्ध कोपरच्या घरी करावं असं आत्याचं म्हणणं होतं, पण तिथला गॅस बंद, टाकी कोरडी. शेवटी आमच्याकडेच ठरलं. आत्या सकाळीच आली, डोंबिवलीहून केळीची पानं, रात्री भिजवलेले काळे वाटाणे आणि बरोबर गुरुजी असे सगळे घेऊन. किती तरी महिन्यांनी त्या घरात माणसांचा आवाज झाला. खोबरं भाजल्याचा वास दारापर्यंत गेला, वडे तळले गेले, तांदळाची खीर उकळली. मला मेलं बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय म्हणून वाईटही वाटत होतं. गुरुजींना पुढे कासारवडवलीला दुसरं काम होतं. विधी आटपून ते म्हणाले, "गच्चीवर कावळ्याचं पान ठेवा. शिवला की जेवून घ्या." आणि लिफ्टने खाली गेले.

पान घेऊन आम्ही तिघी वर गेलो. आई, आत्या आणि मी. आमच्या डोक्यावर दोनच मजले, मग गच्ची. पाण्याच्या टाक्या, सोलरच्या काचा, आणि डोळ्यांत जाणारं ऊन. वाऱ्याने पान उडू नये म्हणून मी त्याच्या कडेला विटांचे तुकडे ठेवले. भात, वडे, उसळ, खीर. आईने पदराआडून एक खारी काढली आणि वाटीतल्या चहात बुडवून पानाच्या कडेला ठेवली. आत्याने तोंडापाशी हात धरून हाक दिली, "काव, काव!" आम्ही मागे सरून टाकीच्या सावलीत उभ्या राहिलो. खाली भाजीवाल्यांच्या गाड्यांवर कावळे दिसत होते, ठिपक्याएवढे. वर एकही आला नाही. आत्याने पुन्हा हाक दिली. खीर सुकायला लागली, वड्यांना माश्या लागल्या, खारी चहा पिऊन पानाला चिकटली. आईचा चेहरा मी बघत नव्हते, पण तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"बोल काहीतरी, शैला," आत्या म्हणाली. आईने हात जोडले. "तेजूचं शिक्षण पूर्ण करीन. तिला पाहिजे तेवढं शिकवीन." काही नाही. "कोपरचं घर विकणार नाही. शपथ." काही नाही. "ताईंना अंतर देणार नाही." आत्याने मान हलवली. आणि तेवढ्यात खाडीच्या बाजूने एक कावळा आला, खरंच आला, सरळ आमच्या गच्चीकडे. "आला, आला," आत्या कुजबुजली. आईने माझा दंड घट्ट धरला. कावळा टाकीच्या वर आला, पाय खाली सोडले, आणि एकदम वेडावाकडा कोलमडत, ओरडत, होता नव्हता तेवढा जोर लावून परत फिरला. आत्या आणि आई पानाकडे बघत होत्या. मी वर बघत होते. मला तो कापड फाटल्याचा आवाज ओळखीचा होता. नर कावळ्याच्या पाठीवरून सुळकन निघून समोरच्या दांड्यावर जाऊन बसलासुद्धा.

"आला आणि फिरला," आत्या म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "पानापर्यंत येऊन फिरला. बाळू रागावलाय गं. मी म्हटलं नव्हतं?" सांगावं तर पंचाईत होती. ससाणा म्हटलं की त्याची कुंडी आली, कुंडी म्हटलं की सेक्रेटरी आले आणि ऑफिसातली किल्ली. तीन पिल्लं अजून नुसता कापूस होती. माझं तिथे त्यांच्यावाचून कोणीच नव्हतं. तेवढ्यात आई पुढे झाली. तिने हात जोडलेले नव्हते, नुसते खाली सोडलेले होते, आणि ती कोणीतरी समोर खुर्चीत बसल्यासारखं बोलायला लागली.

"तुम्हाला इथे आलेलं नाही आवडलं ना? मला तिथे राहवत नव्हतं हो. मी काय करणार? तुमचे शर्ट मी देऊन टाकले. सगळे नाही, निळा ठेवलाय. परवा दुकानात मी हसले. एका आजोबांनी चुकून बायकांची फ्रेम घातली आणि आरशात बघून म्हणाले, मी हुबेहूब माझ्या सासूबाई दिसतोय. पोट धरून हसले मी. त्या दिवशी दिवसभर तुमची आठवण आली नाही. संध्याकाळी बसमध्ये आली. असे दिवस असतात आता. ते चुकतंय का माझं? त्याचा राग आहे का? तसं असेल तर तसं—"

"आई," मी म्हटलं, "ते बाबा नाहीत गं. तो ससाणा आहे."

मी बोट दाखवलं. दांड्यावर तो पंख नीट करत बसला होता. मी सगळं सांगून टाकलं, घाईघाईने, की खाली कुंडीत त्यांची पिल्लं आहेत, म्हणून ते कावळ्यालाच काय, घारीलाही वर फिरकू देत नाहीत, म्हणून इथे कोणी येत नाही, बाबांचा काही संबंध नाही. आत्याने पदर खोचला. "मग आधी त्याला हाकला इथून! श्राद्धाच्या पानावर कावळा येऊ देत नाही म्हणजे काय! कोण बघतं तुमच्या सोसायटीचं?" आणि ती तरातरा लिफ्टकडे गेली. आई हलली नाही. तिचे कान लाल झाले होते. त्या लाल कानांचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी कळला. नवऱ्यापाशी बोलते आहे असं समजून ती जे बोलली, ते आम्ही दोघींनीच ऐकलं होतं.

आम्ही घरी येईपर्यंत आत्या सेक्रेटरींना घेऊन दारात हजर. "वहिनी, तुम्ही फक्त हो म्हणा," ते म्हणाले, "माझा माणूस खालीच आहे. तुम्हाला आजच्या दिवशी एवढा मनस्ताप..." आईने त्यांना थांबायला सांगितलं आणि ड्राय बाल्कनीत गेली. कपड्यांच्या दोरीखालून वाकून तिने खाली कुंडीत बघितलं, पहिल्यांदाच नीट. मादी पिल्लांना भरवत होती, लहान लहान घास करून, एकेकाच्या चोचीशी धरून.

"तीन आहेत?" आईने विचारलं.

"तीन."

"बाप आणून घालतो?"

"हो. दिवसभर."

ती परत दारात आली. "माझी काही तक्रार नाही," ती सेक्रेटरींना म्हणाली. आत्या म्हणाली, "अगं शैला!" "नाही ताई. घरात तीन लेकरं आहेत त्यांच्या. बाप आहे तोवर राहू दे त्यांना." सेक्रेटरी खांदे उडवून गेले. आत्या जेवली आणि हातावर पाणी पडताच डोंबिवलीला निघाली. जाताना तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि आईकडे पाहिलं नाही. गच्चीवरचं पान मी खाली नेऊन झाडाखाली ठेवलं. मी वळायच्या आत तिथे कावळे जमले होते.

मला वाटत होतं, मी आईच्या मनावरचं ओझं उतरवलं. ससाणेही वाचले, आईही सुटली. मी जवळजवळ खूश होते म्हणा ना. वर आले तर आई मोठं पातेलं घासत होती. पाठमोरीच म्हणाली, "तेजू, म्हणजे रागावले नाहीत ते."

"नाही गं. सांगितलं ना. ससाण्यामुळे."

"हं." नळ चालू होता. "म्हणजे मग दहाव्याला आला होता, तोही नुसता कावळाच."

तिने नळ बंद केला, पातेलं पालथं घातलं आणि हात पुसले. "लगेच आला ना गं कावळा?" हे त्यानंतर तिने मला कधीच विचारलं नाही. भाजी निवडताना ती सलग निवडायची. मी कधी कधी वाट बघायची, थांबेल म्हणून. बाबा खरे गेले ते खाडीकाठी नव्हे, त्या दुपारी स्वयंपाकघरात गेले, असं मला अजूनही वाटतं.

पुढचे दिवस मोठे विचित्र होते. आम्ही दोघी एकमेकींशी फार चांगल्या वागत होतो. आई माझ्या आवडीचं करून ठेवायची, मी तिच्या पायांना तेल लावून द्यायची, पण बोलायला काही नसायचं. समोर पिल्लांचा कापूस झडला, तपकिरी पंख आले, आणि ती कुंडीच्या कडेला उभी राहून नुसतेच पंख झाडायला लागली. मला धाकधूक व्हायची, खाली बावीस मजले होते. एकेक करून ती उडाली. पहिलं जरा भेलकांडलं आणि एसीच्या डबड्यावर आपटून परत आलं. बाप दांड्यावरून शिकार दाखवायचा आणि द्यायचा नाही, ये म्हणायचा. काही दिवस सगळं आकाश त्यांच्या ओरडण्याने भरून गेलं. मग एका दुपारी बादली उलटी घालून मी बसले आणि लक्षात आलं की ऐकू काहीच येत नाहीये. कुंडीत सुकी माती, खडी आणि पिसं. मी ताट तसंच आत आणलं. "जेवलीस का?" आईने फोनवर विचारलं, आणि मी "हो" म्हटलं.

आज मी आईच्या तेव्हाच्या वयापेक्षा कितीतरी मोठी आहे. गुडघ्यांमुळे पहिल्या मजल्यावर घर घेतलंय आणि शेजारच्या फोडणीला रोज शिंकते. लोक मला विचारतात, खरं बोलावं की माणसाचं समाधान राखावं. या वयाच्या बाईला ठाऊक असेल असं त्यांना वाटतं. मी विषय बदलते.

ससाणे उडून गेल्यानंतरची गोष्ट. मे संपत आला होता, रविवार होता, आईला सुट्टी. ती चहाचा कप घेऊन ड्राय बाल्कनीत उभी होती, वारा खात. मी मागे कपडे काढत होते. कठड्यावर धप्पकन काहीतरी बसलं. कावळा होता. तेविसाव्या मजल्यावर, आमच्या कठड्यावर. मान तिरकी करून त्याने आईच्या कपाकडे पाहिलं. मी नकळत त्याच्या पायांकडे बघितलं. दोन्ही पाय चांगले धडधाकट होते.

आईनेही पायांकडेच बघितलं असावं. आम्ही दोघीही हललो नाही.

"कावळाच आहे," आई म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली. मग हात मागे करून म्हणाली, "डब्यात खारी आहे बघ. एक दे."

मी दिली. तिने ती मोडली, अर्धी आपल्या चहात बुडवली, मऊ होईपर्यंत धरून ठेवली, आणि मग कठड्यावर ठेवली.